बुधवारचा हिरवा चुडा

अन्याय माझ्या आईवर झाला. शालन तिचं नाव. वडिलांच्या दहाव्याला, कावळा शिवायच्या आधी, आमच्याच विहिरीच्या काठावर भावकीतल्या दोघींनी तिचे हात दगडावर धरले आणि हिरव्या बांगड्या फोडल्या. त्या दोघीही विधवाच. हे काम त्यांच्याकडूनच करून घ्यायची आपली रीत. बांगड्या ‘वाढवल्या’ म्हणायचं असतं. मी फोडल्या म्हणते, कारण एक काच आईच्या मनगटात घुसली आणि ती मी काढली. मी तिथं उभी होते आणि गप्प होते, हेही लिहून ठेवते.

महिन्याभरानं मी सोलापूरला निघाले. एका संघटनेच्या ऑफिसात काम मिळालं होतं. मोडनिंबहून एसटी होती. पोरगी बाहेरगावी निघाली की आई तिला कुंकू लावते, हातावर दही घालते. आई दह्याची वाटी घेऊन आली आणि उंबऱ्यात थांबली. काकीनं तिच्या हातातली वाटी काढून घेतली. “तुमी मागं व्हा की जाऊबाई. पोरीचं पहिलं जाणं हाय.” आई मागं झाली. काकी वाईट बाई नाही. पहाटे उठून माझा डबा तिनंच केला होता. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

एसटीच्या खिडकीतून आमचं रान दिसलं. शाळू हुरड्यात आला होता, बांधापासून बांधापर्यंत हिरवा. वडील अंथरुणाला खिळल्यापासून ते रान आईच पिकवत होती. पेरणी तिची, खुरपणी तिची, पाखरं राखणं तिचं. पहिला हुरडा भाजला की सगळी भावकी म्हणायची, वहिनींच्या हाताला गुण हाय. आपल्याकडं हिरवं म्हणजे पाणी, हिरवं म्हणजे सगळं बरं चाललंय. ते पिकवायला बाईचा हात चालतो. त्याच हातात हिरवी काच चालत नाही. हे कोण ठरवतं, मला अजून कुणी नाव सांगितलेलं नाही.

सोलापुरात रूम मिळाली ती विणकरांच्या वस्तीत. मालकीणबाई घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी. खालच्या यंत्रमागावर टॉवेल निघतात. एकदा आठवडाभर हिरव्या सुताचे निघाले, तर जिन्यावर, दांडीवर, माझ्या उशीवर हिरवी कुसं. गावात हिरवं रान बघून दिवस उजाडायचा, इथं हिरवं झटकून. पहिलंच पत्रक मी हिरव्या कागदावर छापायला काढलं. छापखान्यातला म्हणाला, “ताई, पिवळा घ्या. हिरवा बघितला की लोक म्हणतील, ह्या त्यांच्या.” मी हिरवाच घेतला. पण तेव्हा कळलं, रंग एकच आहे आणि त्याच्यावर पहारे दोन्हीकडं आहेत. गावात तो विधवेपासून राखायचा, शहरात मुसलमान शेजाऱ्याचा म्हणून टाळायचा.

गेल्या दिवाळीनंतर आई चार दिवस माझ्याकडं आली. माझ्या धाकट्या बहिणीचं, स्वातीचं, लग्न ठरलं होतं, चुड्याचे नमुने बघायला आम्ही बाजारात गेलो. बांगड्यांच्या दुकानात एक म्हाताऱ्या खाला बसतात. त्यांनी विचारलं काही नाही. आईचा हात ओढला, बोटं जुळवून दाबली आणि बघता बघता सहा हिरव्या बांगड्या चढवल्या. आई घाबरली. “अवं, मला चालत न्हाय. मालक न्हाईत मला.”

खाला दुसरा हात ओढत म्हणाल्या, “तो क्या हुआ अम्मा? हात तो तुमारा नक्को नै बोल्या.”

आई हसली. दहाव्यानंतर तिला असं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. तीन दिवस त्या बांगड्या तिच्या हातात होत्या. भाकरी थापताना वाजायच्या. मालकीणबाई म्हणाल्या, “आता घरात बाई हाय असं वाटतंय की.”

चौथ्या दिवशी, गावाकडं निघताना, तिनं नळाखाली साबण लावून एकेक बांगडी उतरवली. हाताची साल निघाली. मी चिडले. म्हणाले, “आई, राहू दे. मी येते बरोबर, बघू कोण काय म्हणतंय. आणि स्वातीच्या चुड्याला मी तुला पहिल्या पाटावर बसवणार.”

“बसवशील गं,” ती म्हणाली. “पत्रकं वाटशील, भांडशील, टाळ्या घेशील. मग तुझी एसटी जाईल आन् मी गावातच ऱ्हाणार हाय. तू मला वडून न्यायची न्हाय. त्यांनी बोलवलं तर ईन.”

मी तिला तसा शब्द दिलाय. म्हणून हे पत्रक ऑफिसचं नाही, घरचं आहे. गावात राहिलेल्या काक्या, वहिन्या, आणि माझ्यासारख्या पुण्याला, सोलापूरला गेलेल्या बहिणी, सगळ्यांना. घर कुठलं, असं मला इथं कुणी विचारलं की मी अजून गावाचंच नाव सांगते. पण घर म्हणजे जिथं माणसाला साबण लावून स्वतःला उतरवून ठेवावं लागत नाही, हे मी भाड्याच्या खोलीत शिकले. ते गावात व्हावं असं वाटतं. नाहीतर आईलाही मी इकडं घेऊन येईन, आणि मग त्या रानात पेरायला दुसरं कुणीतरी शोधा.

येत्या बुधवारी सकाळी बांगडीवाला आपल्या ओट्यावर बसेल. स्वातीला चुडा भरेल, मग रीतीप्रमाणं जमलेल्या सगळ्या सवाष्णींना. आई मागं चुलीपाशी असेल, तुमच्यासाठी चहा करत. मी तिला आणायला उठणार नाही. काकी, पहिल्यांदा तुम्ही उठा. आत जा, “चला जाऊबाई” एवढंच म्हणा, आणि तिचा हात धरून बाहेर आणा. बाकीच्यांनो, ती पाटावर बसेपर्यंत तुमच्यातल्या एकीनंही बांगडीवाल्यापुढं हात करू नका.