उजवीकडे कललेली जीप

आमची जुनी जीप उजवीकडे कलायला लागली तेव्हा तिच्याकडे बघायचं त्राण माझ्यात नव्हतं. ह्यांचं डायलिसिस सुरू झालं होतं. दिवसाआड कोथरूडहून हॉस्पिटलात न्यायचं, बाहेर बाकड्यावर बसून राहायचं, परत आणायचं. दुसरी गाडी नव्हती. पूर्वी हीच जीप घेऊन हे खडकवासल्याच्या पलीकडे चिखलात, दगडधोंड्यांत हिंडायचे. आता स्टिअरिंग माझ्याकडे आणि हे शेजारी. उपचारानंतर त्यांना मानसुद्धा धरवत नसे, आणि गाडी कललेली म्हणून दर वळणावर माझ्या अंगावर घसरत. मी एका हाताने त्यांना सावरायची.

गॅरेजमध्ये दोन्हीकडचे पाटे, म्हणजे चाकांवर गाडीचं वजन पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या, नवीन टाकून घेतले. तरी जीप तशीच. पुन्हा गॅरेजला जायचं या विचारानेच मला रडू आलं.

"आपणच बघू," हे म्हणाले.

"आपण म्हणजे मी."

"मग दुसरं कोण आहे?"

रविवारी सकाळी हे प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि मी जुना पंजाबी ड्रेस घालून जमिनीवर. पार्किंगला उतार आहे म्हणून ह्यांनी जीप आधी गेटजवळच्या सपाट जागी आणायला लावली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत दोन्हीकडे टेपने मोजायला लावलं. मग दोन्ही आकडे ताडून म्हणाले, "उजवी बाजू आता खाली नाहीच. डावी वर अडकलीय. डावं चाक लोंबकळत असतानाच त्यांनी पाट्यांचे बोल्ट आवळले असणार. आतलं रबर तिथेच पकडलं गेलंय, गाडीला खाली बसू देत नाही."

"मग?"

"बोल्ट थोडे सैल कर. काढू नकोस. सोसायटीतच सावकाश एक फेरी मार आणि गाडी जमिनीवर असतानाच परत आवळ."

चाकांना विटा लावून मी खाली सरकले. पाना हलेना. त्याच्या दांड्यावर पाइप चढवून अंगाचा सगळा भार टाकला तेव्हा बोल्ट करकरत सुटला. डोळ्यांत माती गेली. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे काका पिशवी घेऊन थांबले. "गॅरेज काढताय? सोसायटीची परवानगी घेतलीत का?"

"अर्ज करते. आधी जरा बाहेर येऊ द्या," मी गाडीखालूनच म्हटलं.

बाकीचे बोल्टही सैल केले, विटा काढल्या आणि फेरी मारली. दोन्ही स्पीडब्रेकरवर जीप धपकन आपटली, आणि दुसऱ्यावर डावी बाजू खाली बसल्याचं मला सीटवरच जाणवलं. पुन्हा खाली शिरून सगळे बोल्ट आवळले. मोजलं. बोटभर फरक राहिला होता.

"राहू दे," हे म्हणाले. "आपण दोघं तरी कुठे सरळ आहोत."

मला हसायचं होतं, पण जमिनीवरून उठवेना. ह्यांनी खुर्चीतून वाकून डावा हात पुढे केला. डायलिसिसच्या सुया त्याच हातात टोचतात, त्यावर जोर द्यायचा नसतो. मी तो नुसता धरला, आणि उठले बंपरला रेलून.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून परत येताना हे सरळ बसून झोपले. घर आलं तरी मी त्यांना लगेच उठवलं नाही. इंजिन बंद करून मीही डोळे मिटले.