तापलेली हवा

माझ्या भाऊजींचा माणसांवर विश्वास होता, देवावरही थोडाफार होता. पण टायरमधल्या हवेवर त्यांनी आयुष्यात एक दिवस विश्वास ठेवला नाही. काल भरलेली हवा आज तेवढीच असेल असं मानणारा माणूस त्यांच्या लेखी बेसावध माणूस होता, आणि त्यांच्या मते जगात बहुतेक अशीच माणसं होती. मी तर होतोच. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाल्यावर अकोल्याजवळच्या आपल्या गावी जाऊन राहिले. मी अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, म्हणून ते मला ‘पुस्तकवाले’ म्हणत. त्यात थोडा मान होता आणि बरीच कीव होती.

निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी शाळेच्या मुलांची ने-आण करणारी, भंगारात निघालेली एक छोटी बस घेतली आणि तिचं फिरतं घर केलं. आत फळ्यांचा पलंग, कोपऱ्यात शेगडी, टपावर पाण्याची टाकी, दाराशी ताईसाठी आरसा. ताईला समुद्र पाहायचा होता, आणि वाटेत कुणाच्या दारात उतरायचं नाही, आपल्याच घरात निजत जायचं, असा भाऊजींचा बेत होता. घर तयार झालं. त्यानंतर त्यांचं सगळं लक्ष घराच्या चार चाकांकडे गेलं आणि समुद्र मागे पडला. रोज पहाटे उन्हाचा पहिला पट्टा अंगणात उतरण्याआधी ते हातात गेज घेऊन गाडीभोवती प्रदक्षिणा घालत. हवा मोजायची ती गार चाकाची, हा त्यांचा पहिला नियम. ऊन चढलं की पूर्वेकडच्या दोन चाकांवर ओली पोती टाकत. गावातल्या एका म्हातारीला वाटलं की हे काही व्रत आहे. तिने एकदा पोत्याला हळदकुंकू वाहिलं. भाऊजींनी तिला अडवलं नाही. एवढंच म्हणाले, “आजी, पानी जास्त शिपडू नोका, रिमले गंज चढते.”

एकदा मात्र ते ताईला घेऊन चिखलदऱ्याला निघाले होते. परतवाडा सोडून घाट लागला, हवेत गारवा आला, तशी चाकांतली हवा उतरू लागली. मग दर दोन वळणांनी गाडी थांबे, भाऊजी उतरत, गेज लावत, पायपंप मारत. वर पोचेपर्यंत संध्याकाळ झाली आणि धुकं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही चाकं तपासून ते परत निघाले. ताई मला म्हणाली, “मले चिखलदरा दाखवाले नेलं, आन चार चाकं दाखवून वापस आनलं.”

माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी वऱ्हाड घेऊन आलेल्या सगळ्या गाड्या तपासल्या. पाठवणीच्या वेळी ते व्याह्यांना सगळ्यांसमोर म्हणाले, “मांगचं डावं सहा पौंड कमी हाय. अशा हवेवर पोरगी नेता काय?” व्याही दुखावले. पण भाऊजी पंप घेऊन चाकाशी बसले होते आणि गाडी हलवणं शक्य नव्हतं. मुलगी आत बसून रडत होती, आम्ही बाहेर रडत होतो, आणि पंप चालला होता. शेवटी सगळ्यांचं रडून झालं, डोळे कोरडे झाले, तरी पंप थांबेना. आमच्या घरात एवढी शांत पाठवण दुसरी झाली नाही.

पुढे पुण्याहून त्यांच्या मुलाने एक यंत्र पाठवलं. चारही चाकांच्या वॉल्व्हवर बसवायच्या चार टोप्या, आणि स्टिअरिंगजवळ लावायचा एक छोटा पडदा. चाकात किती पौंड हवा आहे ते पडद्यावर दिसे. कमी किंवा जास्त झाली की यंत्र पीं-पीं करी. भाऊजींनी ते बसवलं, पण पहाटेची प्रदक्षिणा सोडली नाही. मला म्हणाले, “पुस्तकवाले, यंत्र सांगते हवा किती हाय. काहून हाय, थे नाही सांगत.” मग नेहमीचं प्रवचन. चाक तापलं की आतली हवा फुगते, आकडा चढतो. तो चढू द्यायचा. “तापलेल्या चाकाची हवा कदी सोडाची नाही. सांजीले थे आपल्याआप उतरते. सोडली, तं गार झाल्यावर थे चाक उपाशी राह्यते. आन उपाशी चाक ओझ्याखाली फुटते.” हे मी निदान दहा वेळा ऐकलं असेल. ऐकताना मी मान हलवत असे आणि मनात दुसरंच काही वाचत असे.

ती वर्षं आमच्या भागात वाईट होती. कपाशीवर अळी येई, फवारणीवर फवारणी होई, आणि तरीही बोंडं किडत. माणसं एकमेकांकडे जात ती बहुधा सांत्वनालाच. समुद्रासाठी केलेली भाऊजींची गाडी तेराव्याला माणसं नेई, नाहीतर आजारी माणूस दवाखान्यात पोचवी, कारण गावापासून डांबरी सडकेपर्यंतच्या कच्च्या रस्त्यावर दुसरं वाहन येत नसे. पलंगावर रोगी आणि बाजूला नातेवाईक. भाऊजी कुणाकडून काही घेत नसत; फक्त किती जण बसणार ते आधी विचारत आणि तेवढ्या ओझ्याची हवा भरत.

त्या दिवशी दुपारी त्यांनी मला अकोल्याच्या स्टँडवरून आणलं. पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती आणि ऊन मे महिन्यासारखं होतं. घरी पोचलो. भाऊजी हातपाय धुवायला आत गेले. माझ्या पुस्तकातली सात-आठ पानं राहिली होती म्हणून मी गाडीतच पलंगावर वाचत पडलो. यंत्र पीं-पीं करू लागलं. थांबे, पुन्हा करी. पडद्यावर डाव्या बाजूच्या दोन चाकांचे आकडे चढलेले दिसत होते, आणि खाली भाऊजींच्या अक्षरात खडूने योग्य आकडा लिहिलेला होता. मी खाली उतरलो, टोप्या काढल्या, किल्लीच्या टोकाने वॉल्व्ह दाबला आणि टोप्या परत लावून पाहत, आकडा जुळेपर्यंत दोन्ही चाकांतली हवा सोडली. यंत्र गप्प झालं. आपण भाऊजींचं एक काम केलं, असं मला मनापासून वाटलं. मी उरलेली पानं वाचून संपवली.

आम्ही जेवून उठत होतो तेव्हा गावातली सुमन धावत आली. तिचा नवरा देवराव रोजाने दुसऱ्यांच्या वावरात फवारणी करायचा. डोक्याएवढी कपाशी, वारा नाही, पाठीवर पंप. तो बांधावर पडला होता. तोंडाला फेस होता आणि डोळ्यांना दिसत नव्हतं. चौघांनी त्याला उचलून पलंगावर ठेवलं आणि तेही गाडीत बसले. भाऊजी सवयीप्रमाणे गेज घेऊन चाकाकडे वळले.

“काकाजी, चाला ना आता,” सुमन आतून ओरडली. “थे चाकं काय पाह्यता?”

भाऊजी थबकले. मी म्हणालो, “आकडे बरोबर आहेत भाऊजी. मी आत्ताच पाहिले.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गेज खिशात टाकलं.

डांबरी सडक तीन किलोमीटरवर असताना मागचं डावं चाक फुटलं. गाडी कलंडली नाही, कडेच्या काळ्या मातीत उतरून थांबली. दुसरं चाक होतं, जॅक होता, पण दोन दिवसांपूर्वीच्या पावसाची ती माती; जॅक उचलायच्या ऐवजी स्वतःच खाली जाऊ लागला. शेवटी भाऊजींनी चौघांना देवरावला हातांवर बाहेर काढायला लावलं, पलंगाच्या फळ्या उखडल्या आणि जॅकखाली घातल्या. त्या सगळ्यात पाऊण तास गेला. देवराव बाभळीच्या विरळ सावलीत सुमनच्या मांडीवर होता. ती पदराने त्याचं तोंड पुसत होती.

चाक बसवल्यावर भाऊजींनी पुढच्या डाव्या चाकाला गेज लावलं. आकडा पाहिला. मग उजव्याला लावलं. पंप काढून ते डाव्यात हवा भरू लागले. मी जवळ गेलो.

“हवा सोडली होती काय तुमी?” त्यांनी हळूच विचारलं.

“यंत्र वाजत होतं,” मी म्हणालो.

ते पंप मारत राहिले. “कोनाले सांगू नोका,” म्हणाले.

देवराव दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातच वारला. थोडं आधी आणलं असतं तर वाचला असता का, असं कुणीतरी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “सांगता येत नाही.” भाऊजी सुमनसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, माह्याकडून हवा पाहाची राहून गेली.” तीस वर्षांत जे एकदाही राहून गेलं नव्हतं, ते राहून गेलं, असं त्यांनी दहा माणसांत सांगितलं. मी तिथेच भिंतीला टेकून उभा होतो.

गावाने ते लक्षात ठेवलं. पारावर बसलेले लोक त्यांना पाहून म्हणत, “जगाची हवा मोजते, आन आपली इसरते.” भाऊजी ऐकून घेत. हळूहळू लोक त्यांच्या गाडीत रोगी न्यायला कचरू लागले. पहाटेची प्रदक्षिणा त्यांनी सोडली नाही; पण कुणाला काही शिकवणं सोडलं. मला ‘पुस्तकवाले’ म्हणायचंही सोडलं. नावाने हाक मारू लागले, प्रेमाने, आणि मला ते सोसत नसे. आम्ही त्या दिवसाविषयी पुन्हा बोललो नाही. दरवेळी जाताना मी ठरवत असे की या खेपेला ताईला सांगायचं, सुमनला सांगायचं. दरवेळी शेवटची बस पकडून परत येत असे.

गेल्या महिन्यात भाऊजी गेले. तेरवी झाली, पाहुणे पांगले. मी मागे राहिलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सुमनच्या घरी गेलो. ती आता दुसऱ्यांच्या वाडीवर भाजी तोडायला जाते. दारात बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. यंत्र, किल्ली, पुस्तकाची उरलेली पानं, ‘आकडे बरोबर आहेत’ हे माझं वाक्य. ती हातातली जुडी तशीच धरून बसली.

“मामाजी, मले वाटे माह्यानंच झालं,” ती म्हणाली. “काकाजी चाकाकडे चालले होते. म्याच वरडली, चाला म्हनून. मंग थे म्हनत, राहून गेलं. मले वाटे, मले बोल लागू नये म्हनून म्हनतात.”

तिने त्याच जुडीची गाठ पुन्हा आवळली.

“इतकी वर्सं त्याइच्या दारावरून गेली, तं मान वर नाही केली म्या. काकूच्या हातचं पानी नाही पेली. काल तेरवीलेई नाही आली.” तिने जुडी खाली ठेवली. “तुमी आदी काहून नाही सांगतलं?”

उत्तरासाठी ती थांबली नाही. मेथीवर ओलं फडकं टाकून ती उठली, पदर नीट केला, आणि माझ्या पुढे चालू लागली. ताईच्या अंगणात आली आणि ओसरीशी उभी राहिली. ताईने तिला पाहिलं, बाजूला सरकून जागा केली आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. सुमन बसली. तांब्या उचलून घटाघट प्यायली.

मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. एकीला माहीत होतं, दुसरीला अजून सांगायचं होतं. मी चपला काढल्या आणि त्यांच्याजवळ जाऊन बसलो.