अंगणातलं पत्र्याचं स्वयंपाकघर

अमेरिकेत ॲन आर्बरला शिकताना माझा रूममेट बीजिंगचा होता, आर्किटेक्चरवाला. आमच्या डायनिंग टेबलवर त्याचं घर असायचं: मधे चौकोनी अंगण, चारही बाजूंना उतरत्या छपरांच्या खोल्या, सगळं मॉडेलसाठीच्या हलक्या बाल्सा लाकडात. बीजिंगची जुनी घरं अशीच, म्हणायचा. त्यावर वरण सांडू नये म्हणून मी ताट मांडीवर घेऊन जेवायचो.

मागच्या ज्युरीत, म्हणजे मॉडेल मांडून द्यायच्या तोंडी परीक्षेत, त्याच्या प्रोफेसरनी चष्मा कपाळावर सरकवला, मान तिरकी केली आणि एवढंच म्हणाले, "देखणं आहे. पण इथे राहतं कोण?" हा नापास. आता पुढच्या ज्युरीत परत उडाला असता तर स्कॉलरशिप गेली, ती गेली की व्हिसा, म्हणजे सरळ बॅगा भरा.

मी फुकटच्या पिझ्झासाठी ती ज्युरी बघायला गेलो होतो, त्यामुळे प्रोफेसर मला पाठ होते. तालुक्याच्या शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून मी अख्खा वर्ग उभा केलाय, हे तर काय! म्हटलं, चल यार, रविवारी रिहर्सल करू. ज्युरीत अजून एक जण हवा म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकांना बोलावलं. रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर. चकल्यांचा डबा घेऊनच आले.

"दार आग्नेयेला?" मॉडेलभोवती फेरी मारत काका म्हणाले. "अरे, तिथे स्वयंपाकघर पाहिजे!"

"काका, हे बीजिंग आहे."

"मग अग्नी काय व्हिसा बघून येतो?"

रूममेटने शांतपणे समजावलं, त्यांच्यात दार त्याच कोपऱ्यात शुभ. आत शिरल्याशिरल्या समोर एक आडवी भिंत, कारण भुतं सरळच चालतात, ती भिंतीवर आपटतात.

"भुतांचं सोड," मी म्हटलं. "आमच्याकडे अशी भिंत असती, तर समोरच्या काकूंना रस्त्यावरून आमची भाजी दिसली नसती."

मग मी काकांचा चष्मा काढून घेतला, कपाळावर चढवला, मान तिरकी केली. "देखणं आहे. पण इथे राहतं कोण?"

त्याचा चेहराच उतरला. पुस्तकातलं सुरू केलं, "उत्तरेच्या खोलीत वडीलधारी, तिथे हिवाळ्यात ऊन येतं. पूर्वेला थोरला मुलगा..."

काका इंग्रजीतसुद्धा काकाच. चकली मोडत विचारलं, "तुझी खोली कुठली रे, बाळा?"

त्याने पश्चिमेच्या खोलीवर बोट ठेवलं. "ही अर्धी. आई, बाबा, मी. उरलेल्या अर्ध्या खोलीत दुसरं बिऱ्हाड."

"आणि स्वयंपाक?"

बोट अंगणात आलं. "इथे. पत्र्याची शेड. सगळ्यांनीच घातल्या होत्या. सायकल काढताना पोट आत घ्यायला लागायचं."

"मग दाखवली का नाहीस?"

"वाईट दिसते." बोटावरचा सुकलेला गोंद खरवडत म्हणाला, "आता तिथे रस्ता झालाय."

काकांनी डबा त्याच्याकडे सरकवला. मी चष्मा उतरवून परत दिला.

मग त्याने कॉर्नफ्लेक्सचा खोका फाडला, त्यावर फॉइल चढवली आणि त्या देखण्या अंगणात शेडवर शेड चिकटवत सुटला. काका डोक्यावर उभे, "उतार दे रे! पाणी कुठे जाणार?"

ज्युरीच्या दिवशी प्रोफेसर आले. चष्मा कपाळावर, मान तिरकी. रूममेटने माझ्याकडे बघितलं आणि फिस्सकन हसला. मी खांबामागे!

"देखणं राहिलं नाही," प्रोफेसर म्हणाले. "पण..."

"मी राहायचो इथे," याने मधेच सांगितलं आणि बोट ठेवलं. मग थांबेचना. हिवाळ्यात कोबीचे ढीग कुठे रचायचे, कुणाच्या चुलीचा धूर कुणाच्या गादीत शिरायचा, सगळं. ज्या माणसाशी मी भाड्यावरूनसुद्धा भांडू शकलो नव्हतो, इतका तो कमी बोलायचा, तो हा! प्रोफेसर खाली वाकून शेडच्या आत डोकावत होते.

पास झाला.

बसमधून येताना मॉडेल आम्हा दोघांच्या मांडीवर होतं. ब्रेक लागला की मी आधी फॉइलचं स्वयंपाकघर धरायचो. अचानक त्याने नसलेला चष्मा कपाळावर चढवला, मान तिरकी केली. "देखणं आहे. पण इथे राहतं कोण?"

इतकी भिकार नक्कल मी जन्मात बघितली नव्हती.

"तू ना," म्हटलं, "आर्किटेक्चरच कर."