विटांचं घर आणि आमचे मालक

घर विकलं की मालक निघून जातो, त्याचे किस्से मात्र भाडेकरूंकडे राहतात. ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या आमच्या विटांच्या घराला इतके मालक झाले की किस्से ठेवायला आमच्या खोलीत जागा उरली नाही. पुढच्या भागात मालक, मागे एका खोलीत आम्ही आणि दुसऱ्या खोलीत सावंतकाका-काकू. बाबा आणि काका एकाच कारखान्यात, एकाच शिफ्टला. घर विकलं जाणार म्हटलं की दोघांची झोप उडायची. नवा मालक घर पाडणार आणि आपल्याला बाहेर काढणार, ही धास्ती कायमची.

*

घर बांधलं डिमेलो अंकलनी. त्यांना आपल्या विटांचा भारी अभिमान. आईनं एकदा कॅलेंडरसाठी खिळा ठोकायला घेतला, तर अंकल धावत आले. "बाई, ती भिंत आहे, लाकडाची फळी नाय!"

तेव्हापासून कॅलेंडर उशीखाली. तारीख बघायची तर झोपलेल्या माणसाचं डोकं उचलावं लागायचं. अंकल घर विकून गोराईला मुलीकडे गेले, त्या दिवशी त्यांनी प्रत्येक भिंतीवरून हात फिरवला. आम्हाला फार वाईट वाटलं.

*

मग आले मेहताशेठ, घर पाडायच्या इराद्यानेच. आजारी माणसाला कोण बाहेर काढणार, म्हणून बाबांनी सावंतकाकांना गोधडीत गुंडाळून निजवलं.

शेठला होमिओपथीचा नाद निघाला. पेशंट बघताच ते घर विसरले आणि स्टूल ओढून बसले.

"भीती वाटते?"

"वाटते ना. घर जाईल म्हणून."

शेठनी त्यावरही गोळ्या दिल्या. रोज तब्येत बघायला येऊ लागले. पथ्य कडक. कांदा बंद, मासे बंद. घर राहिलं, पण मालवणी माणसाची पार वाट लागली. शेवटी काका बाबांना म्हणाले, "विनू, मी खोली सोडतंय, पण माका बांगडो खावंक दी."

*

शेठनंतर रिटायर्ड गुप्तेसाहेब. त्यांना कुणा ज्योतिषानं सांगितलं की घराचं दार चुकीच्या दिशेला आहे. दार पूर्वेला गेलं, मग उत्तरेला. पोस्टमन कंटाळून खिडकीतून पत्रं टाकू लागला. इतकं करूनही साहेबांचं मन लागेना. आता उरली एकच दिशा, आमच्या भिंतीची.

बाबांनी सामान बांधायला घेतलं. त्या उन्हाळ्यात आईनं लोणचं घातलं नाही, बरण्या कुठे वाहून न्यायच्या? दर रविवारी बाबा अंबरनाथला खोल्या बघायला जात आणि परत आल्यावर चपला न काढताच बसून राहत. त्यांच्याकडे बघून मलाही कुठे स्वस्थ बसवत नसे.

भिंत फोडायच्या आधीच गुप्त्यांना मुलानं पुण्याला बोलावलं. घर पुन्हा विकायला निघालं.

*

या वेळी एकही बिल्डर फिरकेना, कारण रस्ता रुंद होणार होता आणि निम्मं अंगण त्यात जाणार होतं. घर स्वस्तात मिळत होतं. बाबांनी प्रॉव्हिडंट फंड काढला, आईनं पाटल्या मोडल्या, आणि घर आमच्या नावावर झालं.

कागदांवर सह्या करून बाबा तडक पेढे घेऊन सावंतकाकांकडे निघाले. मागोमाग मी. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

काका बनियनवर जमिनीवर पेपर वाचत बसले होते.

"सावंत, घर मी घेतलं. आता आपल्याला कोणी हलवत नाही बघ."

काका उठले. दोरीवरचा शर्ट काढून अंगात घातला, वरपर्यंत बटणं लावली. घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवरचे कपडे उचलून त्यांनी ती पुढे सरकवली.

"बसा."

"अरे, बसा काय? पेढा घे आधी."

काकांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. काकूंकडे एकदा पाहिलं आणि बाबांना विचारलं, "मुदत किती देताय आम्हाला?"