खांबेटेसरांची चुकलेली बेरीज

दादरच्या त्या कॉलेजात गणिताचे प्राध्यापक अनंत विष्णू खांबेटे यांच्याविषयी एक गोष्ट प्रत्येक नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात सांगितली जाई. सरांनी सख्ख्या मेव्हण्याला, गजूला, चौतीस गुणांवर नापास केलं होतं. पास व्हायला पस्तीस लागत. मेव्हणा पुढे ठाकुरद्वारला छत्र्या दुरुस्त करू लागला, आणि रमाबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, त्या वर्षी दिवाळीला घरात चकली केली नाही. सर म्हणाले, "चकलीवाचून माणूस मरत नाही." चकली त्यांना अतिशय आवडायची.

बाकी माणूस लोण्यासारखा. कोटाला कायम खडू लागलेला, धोतराचा सोगा कायम सायकलच्या साखळीत. प्रिन्सिपॉलसाहेबांनी नियम काढला की प्रत्येक प्राध्यापकाने वीस-पंचवीस मुलांचं पालकत्व घ्यावं, त्यांना अभ्यासाचा सल्ला द्यावा. इतरांनी यादी खिशात घातली नि विसरले. खांबेटेसरांनी आपली पोरं दर रविवारी गिरगावात मुगभाटातल्या आपल्या दोन खोल्यांत बोलावली. रमाबाई पोहे करायच्या आणि सर सल्ला द्यायचे. पोहे बरे असत. सल्ला नेहमी एकच असे: "दुसऱ्याच्या पेपरात बघू नका. तिथलंही चुकलेलंच असतं."

त्या पोरांत दौलत तांबे होता. वरळीच्या बीडीडी चाळीतला. बाप रामजी गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात, छातीचा भाता झालेला. आदल्याच दसऱ्याला बापलेक नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले होते. दौलतची फी माफ होती, पण नापास झाला की माफी गेली, असा कॉलेजचा नियम. आणि माफी गेली की बापाच्या जागी गिरणीत बदली कामगार, असा घरचा नियम. दोन्ही नियम दौलतला पाठ होते.

पोरगं हुशार. पण ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. दौलत मोर्चात पकडला गेला आणि ऐन अभ्यासाच्या दिवसांत ठाण्याच्या तुरुंगात बसला. सुटून आला तेव्हा परीक्षा तोंडावर. फर्स्ट इयरची परीक्षा कॉलेजच घेई, आणि पेपर तपासायला खांबेटेसर.

दौलतच्या पेपरात सत्तावीस गुण भरले. सरांनी पुन्हा मोजले. सत्तावीसच. दोन-तीन कमी पडले तर इतर प्राध्यापक ओढून घेत, आठ कमी पडले तर देवही देत नाही. सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली गल्लीत पोरं घोषणा देत चालली होती. सर परत आले नि पाचव्या प्रश्नाच्या समोर, जिथे कोरा कागद होता, तिथे आठ लिहिले.

रमाबाई चहाचा कप ठेवायला आल्या होत्या. त्यांनी पाहिलं. "माझ्या गजूला एक नव्हता तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. रमाबाई दारापर्यंत गेल्या, तिथूनच म्हणाल्या, "राहू द्या लिहिलेलं. पुसू नका."

निकाल फळ्यावर लागला, आणि पुढच्या रविवारी दौलत एकटाच आला. बसला नाही.

"सर, गणितात मला पस्तीस कसे?"

"कसे म्हणजे? मिळवलेस."

"सत्तावीसच्या वर जात नाही, सर. तुम्हीच शिकवलंत, पेपर देऊन बाहेर पडलं की आपले मार्क आपण मोजायचे."

"अरे, अर्धवट पायऱ्यांचेही गुण असतात."

"पाचवा मी लिहिलाच नाही. पायऱ्या कुठल्या?"

वीस वर्षं भल्याभल्यांना फळ्यापाशी गप्प करणारे सर एकदम चिडले. "तू काय चोरी करून तुरुंगात गेला होतास? कुणासाठी गेलास? मग एवढं मी केलं तर बिघडलं कुठे?"

"तुमच्या रविवारच्या पोरांतला पाटणकर पण माझ्याच कोठडीत होता. त्याला दिलेत?"

"पाटणकर पुन्हा बसेल. त्याच्या बापाची पेढी आहे. तुझा बाप…"

"बोला की. माझा बाप खोकतोय, आणि मी गिरणीत जाणार. खरं आहे ते." दौलत म्हणाला. "पण वर्गात पोरं काय म्हणतात ठाऊक आहे? 'यांना काय, यांना असंच पुढे ढकलतात.' मी म्हणायचो, 'दाखव माझा पेपर, काढ चूक.' आता कुठल्या तोंडाने म्हणू, सर?"

"कुणाला कळणार आहे, दौलत?" खांबेटेसर हे बोलले आणि आपणच बोललो याची त्यांना लाज वाटली.

"मला कळलं ना."

रमाबाई मधे पडल्या. "अरे, वर्ष जाईल तुझं. घे की मुकाट्याने!"

"वर्ष जाऊ दे, काकू," तो म्हणाला. "सर, तेवढं काढून टाका." आणि वाकून नमस्कार करून गेला.

सोमवारी सर प्रिन्सिपॉलसाहेबांसमोर उभे राहिले आणि आयुष्यातलं दुसरं खोटं बोलले. "बेरजेत चूक झाली."

"तुमची? बेरजेत?" साहेब खुर्चीतून उठलेच. बातमी स्टाफरूममध्ये पोचायच्या आधी वडे पोचले. इंग्रजीचे प्राध्यापक म्हणाले, "अभिनंदन, खांबेटे! आज तुम्ही माणसांत आलात." सगळे पोट धरून हसले. खांबेटेसरांनीही वडा खाल्ला. नाही म्हणायला काही कारण सांगता येईना.

आठ गुण गेले, माफी गेली, दौलत गिरणीत गेला. सरांनी निरोपावर निरोप धाडले, रविवारी ये, पुढच्या वर्षी बाहेरून बस, मी शिकवतो. तो आला, दोन-तीन रविवार. पाळी करून यायचा आणि गणित सोडवता सोडवता वहीवर डोकं टेकून झोपायचा. सर त्याला उठवत नसत. मग तो येईनासा झाला.

मे महिन्यात महाराष्ट्र राज्य झालं तोवर तीन वर्षं उलटली होती. कॉलेजने तुरुंगात गेलेल्या मुलांचा सत्कार ठरवला. सरांनी दौलतचं नाव सुचवलं. साहेब म्हणाले, "नापास होऊन गेलेला मुलगा. तो आपला कसा?" सर त्या सत्काराला गेले नाहीत. सायकल काढून वरळीला गेले.

दौलत पाळीवर होता. रामजी दारात खाटेवर उशीला टेकून बसले होते. सरांनी नाव सांगितलं, तशी म्हातारबांनी मान वर केली.

"तुम्ही होय ते," रामजी म्हणाले. "मी पोराला किती विचारलं, तुझे सर घरी बोलावतात, पोहे खाऊ घालतात, मग आठ मार्कांवर कसं अडवलं? तर म्हणतो, सरांनी बरोबर केलं. एवढंच. तीन वर्षं एवढंच." खोकला आला. तो सरेपर्यंत सर उभेच. "आठ मार्क हो, मास्तर. तुमच्या घरचं काय जात होतं?"

म्हणजे दौलत घरी काही बोललाच नव्हता. सरांनी दिले होते, हे त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. सांगावं, असं खांबेटेसरांच्या अगदी जिभेवर आलं. पण सांगितलं असतं तर तीन वर्षं पोराने जे एकट्याने झाकून ठेवलं, ते उघडं पडलं असतं, आणि या आजारी माणसाला कळलं असतं की मुलाने स्वतःच नको म्हटलं.

"चुकलं माझं," सर म्हणाले.

"आता चुकलं म्हणून काय." रामजींनी पाय आखडते घेऊन खाटेवर जागा केली. "त्याची पाळी सुटायला वेळ आहे. बसा."

सर बसले.