रामेश्वरच्या गाडीतला वास

अक्का गेली, लिंगैक्य झाली, असा निरोप आला, तेव्हा मी गॅरेजमध्ये यात्रेच्या गाडीवर ताडपत्री बांधत होतो. त्याला आता महिना होऊन गेला. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या काकांची मुलगी, सोलापुरात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. मी शाळेला रामराम ठोकून रामेश्वर यात्रेच्या गाड्या काढणारा. निरोप ऐकून रडू यायला हवं होतं, पण आधी लाज वाटली. तिच्याशी चार शब्द बोलायचे राहून गेले होते... आता कुणाशी बोलतोस, कपाळ!

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर पहिली गाडी काढली, तेव्हा अक्काही आली होती. रामेश्वरला एका कोळ्याच्या होडीतून आम्ही ओहोटीच्या वेळी आत गेलो. पाणी इतकं नितळ, की तळ दिसत होता. खाली तपकिरी, हिरवट झुडपं पसरलेली, शेतात हरभरा दाट यावा तशी. मी म्हणालो, "काय दगड हायत की!" अक्का होडीच्या काठावरून वाकली, पदर भिजला तरी तिला भान नाही. "दगड न्हाय रे मल्लू, जित्ती हायत ही. प्रवाळ म्हणतात. एकेका फांदीवर लई बारके जीव ऱ्हात्यात, त्यांनीच बांधलंय हे सगळं. मासळीची पिल्लं हितंच वाढत्यात, लाटाबी हितंच अडत्यात." तेवढ्यात शेजारून होड्या गेल्या, त्याच झुडपांनी शिगोशीग भरलेल्या. पहारीनं फोडून ती चुनाभट्टीला चालली होती. अक्का किनारा येईपर्यंत मान वळवून त्या होड्यांकडेच बघत राहिली.

आणि किनाऱ्यावर आमची मंडळी तेच विकत घेत होती! रामेश्वरचा दगड म्हणून देवघरात ठेवायचा, शेजारीपाजारी वाटायचा. दुकानातला पांढराशुभ्र माल महाग, म्हणून होडीवरचा ताजा, ओला घेतला. घासाघीस मीच करून दिली, पोत्यात भरलाही मीच. मदुरै सोडलं आणि गाडीत असा वास सुटला, की नाक धरून बसावं. सगळी मंडळी कट्टर शाकाहारी. कुणीतरी म्हणालं, ड्रायव्हरनं सुकट आणलीय. इस्माईलचाचा बिचारा शपथा घेत होता, "अल्ला कसम, मेरे पास कुछ नै!" तरी त्याची पिशवी रस्त्यावर पालथी केली. मग अक्का उठली आणि तिनं सीटखालचं पोतं ओढलं. "वास हितनं येतोय. ह्यातले जीव मेलेत. तुमी-आमीच मारलेत."

बायकांचे चेहरे पडले. आता सगळे माझ्यावर उलटणार, पुढची यात्रा बुडणार, या भीतीनं मी हसत म्हणालो, "मास्तरीणबाईंचं काय मनावर घेता! समुद्राचा वास हाय, उन्हात ठेवा, जाईल." सगळे हसले, सुटल्यासारखे हसले. अक्का खिडकीकडे तोंड करून बसली. चाचाची माफी मागायचं कुणाच्याच मनात आलं नाही, माझ्याही.

पुढं दर वर्षी गाडी सुटताना ती हजर. पायरीवर उभी राहून सांगायची, प्रवाळ विकत घेऊ नका, त्यावर पाय देऊ नका, होडीवाल्याला नांगर वाळूत टाकायला सांगा. घेणारा थांबला, तर तोडणाराही थांबेल. आणि मी काय करायचो? चाचाला खूण करायचो, इंजिन चालू कर म्हणून. त्या घरघरीत तिचा आवाज बुडायचा. ती मात्र बोलणं पुरं करूनच उतरायची आणि वर मलाच म्हणायची, "नीट जा रे. पोचल्यावर तार कर."

परवा तिच्या माघारी पहिली गाडी सुटली. मी इंजिन बंद ठेवायला सांगितलं आणि पायरीवर उभा राहिलो. ती सांगायची ते सगळं सांगितलं. त्या वर्षी तीच खरं बोलत होती, खोटं मी बोललो, हेही सांगितलं. कुणी हसलं नाही. मंद्रूपच्या एक आजी, पूर्वी माझ्याच गाडीनं जाऊन आलेल्या, हळूच म्हणाल्या, "आमच्या देवघरात हाय की रं ते... रोज पाणी घालते, कुंकू लावते. आता त्याचं काय करू?"

अक्कानं सांगितलं असतं. तिला विचारायला दर वर्षी वेळ होता, आणि दर वर्षी घाई मीच केली.