खोडलेली जिलबी

माझ्या सॉफ्टवेअरने आजवर एकाही कॉम्प्युटरचं नुकसान केलेलं नाही. जे काही झालं ते पोटांचं!

मुक्त फॉरमॅटचा मी कट्टर भक्त. वेगळ्या प्रोग्रॅमवाचून त्या फॉरमॅटमधली .odt फाइल थेट ब्राउझरमध्ये दिसावी म्हणून मी एक एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, बनवलं होतं. सिल्व्हर पार्कच्या वन बीएचकेतून मी जगाला मुक्त करायला निघालो होतो! (जग अजून तयार नव्हतं.)

तेवढ्यात चिमीचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, साखरपुडा ठरला. व्याह्यांची अट एकच. "गोड एकच पदार्थ! उधळ्या घराशी आमचं जमणार नाही."

चिमीने मला कोपऱ्यात घेतलं. "दादा, तू यात घोळ केलास ना, तर बघच!"

मेनू अर्थातच .odt मध्ये. बाबा सरकारी खात्यातून निवृत्त. खोडलेल्या ओळीचीही नोंद राहिलीच पाहिजे, हा त्यांचा बाणा. म्हणून फाइलमध्ये बदलांची नोंद चालू ठेवली. आईने जिलबी घातली, आत्याने ती खोडून बासुंदी, मामीने ती खोडून गुलाबजाम... शेवटी उरलं श्रीखंड. बाकी सगळं फाइलच्या पोटात गडप.

मुर्धा गावच्या रामाकाका केटररकडे फाइल उघडेना. मी ऐटीत त्यांच्या कॉम्प्युटरवर माझं एक्स्टेंशन बसवून दिलं.

भाईंदर पश्चिमेच्या हॉलमध्ये पानं वाढली. श्रीखंड. मग जिलबी. बासुंदी. गुलाबजाम. मोदक! (ते कोणी सुचवले होते, हे आजही कोणी कबूल करत नाही.)

"काका, हे काय?"

काकांनी प्रिंट पुढे केली. "सगलं लिवलेलं हाय! मी म्हटलं, मोठ्या दिलाची मानसं."

मी प्रिंट वाचली आणि उलगडा झाला. खोडलेल्या ओळी दाखवायच्या नसतात, हे मी एक्स्टेंशनला शिकवलंच नव्हतं!

व्याही ताटाकडे बघत होते, चिमी माझ्याकडे. (मी ताट असतो तर बरं झालं असतं.) मी हात जोडून सगळं ओकून टाकलं.

"म्हणजे आमच्या एका शब्दासाठी तुमच्या बायकांनी एवढं सगळं खोडलं?" व्याह्यांनी विचारलं.

"हो."

"आमच्याकडे माझ्या शब्दावर चहातली साखरसुद्धा कमी होत नाही हो!" म्हणत त्यांनी जिलबी उचलली. चिमीचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्याच दिवशी मी चूक सुधारली. पण रामाकाका नवीन एक्स्टेंशन घ्यायला तयार नाहीत. "नको रे! जुन्यात मानसाला खरं काय खायचं हाय ते दिसतं."

तर सुधारलेलं एक्स्टेंशन सध्या मी एकटाच वापरतो. बिघडलेल्याला मात्र लग्नसराईत उसंत नाही!